शनिवारचा साहित्य-इतिहास सेमिनार, सोलापूर: जा, पण वाचून जा

ग्रुपवर तीनचार जणींनी विचारलं की तू शनिवारी संध्याकाळी कुठं गायब असतीस, ते नेमकं काय असतंय, फी वसूल होतीय का, तर एकेकीला सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते. थोडक्यात पाहिजे असेल तर पाचपैकी चार. वाचायची तयारी असेल तर पैसे वसूल, नुसतं ऐकायला जाणार असाल तर नका जाऊ, आपल्याकडं व्याख्यानमाला भरपूर आहेत आणि त्या फुकट असतेत.

आयोजकांचं नाव टाकत नाही, कारण खाली तक्रारी पण लिहिल्यात आणि मंडळी तशी चांगली आहेत, उगाच वाईटपणा नको. नवी पेठेच्या बाजूला एका जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर हॉल आहे, तिथं होतंय. आठ शनिवारांची बॅच, पाच ते साडेसात, फी आठशे रुपये, त्यात झेरॉक्स आणि चहा आला, एक सहल आहे तिचे पैसे वेगळे. डिग्री बिग्रीची अट नाही, मी बीकॉम आहे आणि टॉवेलवाल्यांच्या ऑफिसात अकाउंट्स बघते, माझ्या शेजारी बसणारे काका गिरणीतून रिटायर, पुढच्या खुर्चीवर एक आज्जी, दोन कॉलेजची पोरं, एक रिक्षावाले दादा, तीन रिटायर्ड मास्तर (हे तीन सगळीकडं असतेतच), मिळून पंचवीसेक जण.

आता यात आणि व्याख्यानात फरक काय ते सांगते. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केली, तेव्हापासून आपल्या सगळ्यांना सवय ही की स्टेजवर एकजण बोलणार, आपण मान डोलावणार, शेवटी आभार आणि मग घरी. इथं स्टेज नाही. खुर्च्या गोल मांडलेल्या असतेत, गुरुवारी झेरॉक्सचा गठ्ठा हातात येतो, आठदहा पानं, आणि ती वाचून यायची. सेमिनार घेणाऱ्या मॅडम पहिली दहा मिनिटं बोलतेत आणि मग कुणाला तरी सांगतेत, तुम्ही तिसऱ्या पानावरचा दुसरा परिच्छेद मोठ्यानं वाचा. वाचून झालं की विचारतेत, हे कोण बोलायलंय? कुणाला सांगायलंय? काय गाळलंय? एवढंच. पहिल्या शनिवारी मला वाटलं हे काय शाळेसारखं, पण हे तीन प्रश्न डोक्यात बसले की मग पेपर वाचताना पण तेच होतंय, ऑफिसात साहेबांचा ईमेल वाचताना पण तेच होतंय.

सगळ्यात जोरात झाला तो मार्शल लॉचा, म्हणजे १९३० च्या लष्करी कायद्याचा शनिवार. आता सोलापुरात राहून मार्शल लॉ माहीत नाही असं कुणी नसेल, चार हुतात्म्यांचे पुतळे रोज जाता येता दिसतेत, मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन, १२ जानेवारी १९३१ ला येरवड्याला फाशी, हे पाठ असतंय. पण पाठ असणं वेगळं. मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाल्यावर इथं काय काय झालं, ८ मे ला गोळीबार झाला, लोक भडकले, पोलीस चौकी पेटली, मग पुढचे दोनतीन दिवस शहरात इंग्रजांचं कुणी दिसतच नव्हतं आणि १२ मे ला मार्शल लॉ लागला, तो जूनअखेरपर्यंत, हे तारखेनुसार पहिल्यांदा नीट समजलं. गांधी टोपी दिसली की काढायला लावायचे. एकाच घटनेवर सरकारी बाजूनं लिहिलेलं आणि आपल्या बाजूनं लिहिलेलं, दोन्ही पानं शेजारी शेजारी ठेवून वाचली. सरकारी पानात जमाव म्हणजे नुसता जमाव, त्याला नाव नाही, गाव नाही, आणि आपल्या पानात सगळेच शूर, घाबरलेला एकपण माणूस नाही.

तिथं कॉलेजच्या पोरानं विचारलं की चौकीवर जे पोलीस मेले ते कोण होते, त्यांची नावं कुठायत, ते पण आपल्यातलेच असणार की. आई शप्पथ, हॉल पेटला. एक मास्तर उठून उभेच राहिले, हुतात्म्यांचा अपमान चाललाय म्हणाले. रिक्षावाले दादा म्हणाले अपमान कसला, खटलाच त्या पोलिसांच्या खुनाचा होता, मग ते कोण होते हे विचारायचं नाही का, आणि ह्या चौघांना तो खुनाचा आरोपच मान्य नव्हता, म्हणजे उलट विचारायलाच पाहिजे. मॅडमनी कुणालाच गप्प केलं नाही, फक्त प्रत्येकाला म्हणत राहिल्या, पान दाखवा, कुठल्या पानावरून म्हणताय? अर्ध्या तासानंतर मास्तर खाली बसले पण मनातून पटलं नव्हतं त्यांना, चहाच्या वेळी पण तेच चाललंतं. मला हे आवडलं की शेवटी सगळ्यांचं एकमत झालं असं काही नाटक केलं नाही. आणखी एक, कुर्बान हुसेन हे ‘गझनफर’ नावाचं साप्ताहिक चालवायचे हे आमच्या गोलात चारपाच जणांनाच माहीत होतं, पुतळ्याखालून रोज जाणारे आपण सगळे.

सिद्धरामेश्वरांच्या वचनांचा, म्हणजे त्यांच्या छोट्या कन्नड रचनांचा, शनिवार मुद्दाम गड्ड्याच्या, म्हणजे त्यांच्या जानेवारीतल्या जत्रेच्या, आधी ठेवलेला. (जानेवारीच्या मधल्या आठवड्यात सुट्टी देतेत, ती द्यावीच लागती, सात नंदीध्वज निघालेत आणि सोलापूरकर हॉलमध्ये बसून झेरॉक्स वाचायलाय असं होणारच नाही.) मी जन्मापासून अक्षता सोहळ्याला जाते, अडुसष्ट लिंगांची मिरवणूक, संमती कट्टा, बाराबंदी घातलेली माणसं, कुंभारकन्येचं योगदंडाशी लग्न, सगळं पाहिलंय. पण ज्यांच्यासाठी हे सगळं चालतंय त्यांनी बाराव्या शतकात कन्नडमध्ये स्वतः काय लिहून ठेवलंय त्यातली एक ओळ मी वाचलेली नव्हती. त्या पुढच्या खुर्चीवरच्या आज्जी अक्कलकोट साईडच्या, त्यांनी कन्नड वचन चालीवर म्हटलं, शेवटी ‘कपिलसिद्ध मल्लिकार्जुना’ आलं की दरवेळी हात जोडायच्या, मग मॅडम मराठीतलं वाचायच्या. देवळात ज्याला आपण पूजतो तो माणूस वचनात तळं खोदायचं, कष्ट करायचं, माणसात देव बघायचं बोलतोय, आणि आज्जींना ते सगळं आधीपासून ठाऊक! त्या म्हणाल्या, आमच्या घरी हे म्हणतच भाकरी थापायची, त्यात नवीन काय. तिन्ही मास्तर त्या दिवशी वही काढून लिहून घेत होते.

मंगळवेढ्याच्या संतांचा विषय मला जरा भावनिक होईल असं वाटलं होतं, भजनाचा कार्यक्रम होतोय की काय. चोखोबा मंगळवेढ्यात गावकुसाच्या भिंतीचं काम करताना भिंत पडून गेले, समाधी पंढरपुरात महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ, ही गोष्ट सगळ्यांना येत होती. पण वाचायला दिला होता सोयराबाईचा विटाळावरचा अभंग. तिचं म्हणणं सरळ हाय, देह जन्मतोच विटाळातून, मग विटाळ नसलेला देह दाखवा मला. चौदाव्या शतकातली बाई. आमच्यातल्या एक ताई, धुणीभांडी नाही तर स्वयंपाकाची कामं करतेत, त्यांनी वाचला आणि वाचून झाल्यावर म्हणाल्या की माझ्या एका घरी अजून माझा चहाचा कप खिडकीत वेगळा असतोय. त्यावर एकजण पटकन म्हणाले आता तसं काही राहिलं नाही हो ताई. ताई म्हणाल्या, कप आणून दाखवू का? १९४७ साली साने गुरुजींना पंढरपूरचं देऊळ सगळ्यांना उघडावं म्हणून उपोषणाला बसावं लागलं होतं ते मॅडमनी तिथं सांगितलं, म्हणजे चोखोबांपासून तिथवर सहाशे वर्षं. ह्या सेशनला वेळ कमी पडला, कान्होपात्रा आणि दामाजीपंत दहा मिनिटांत उरकले.

गिरणीचा शनिवार. ह्याच्यासाठी आख्खी फी देईन मी. सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग, म्हणजे आपली जुनी गिरणी, १८७७ ची, नंतर लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी, आणि आता एकाचा पण भोंगा नाही. बोलायला बाहेरून एक पाहुणे आले होते, हुशार माणूस, पण त्यांनी सांगितलं की सकाळी भोंगा झाला की कामगार आत जायचे. माझ्या शेजारचे काका हळूच म्हणाले, एक नसतोय भोंगा. मॅडमनी ऐकलं, म्हणाल्या मोठ्यानं सांगा. मग काका सुरू झाले ते पाऊणतास. पहिला भोंगा उठायला, दुसरा निघायला, तिसऱ्याला गेट, त्यानंतर आलास की गेला आजचा रोज. आणि गेटबाहेर बदलीवाले उभे, कोण आज खाडा करतोय याची वाट बघत, म्हणजे ह्याचं पोरगं आजारी पडलं की त्याच्या घरी चूल पेटायची, असं काका म्हणाले आणि वर हसून म्हणाले, मी दोन्ही बाजूला उभा राहिलोय. कांड्या भरणाऱ्या बायका, साच्यांच्या आवाजानं ऐकू कमी आलेली माणसं, साचेखात्यात ओठांवरून बोलणं ओळखायचे, कापसाचा बारीक धुरळा डोक्यावर बसून घरी येताना सगळे म्हातारे दिसायचे.

पाहुण्यांचं कौतुक हे की त्यांनी आपलं भाषण बंद केलं, वही काढली आणि काकांना प्रश्न विचारत बसले.

त्याच दिवशी कुणीतरी जेकॉर्डच्या, म्हणजे मागावर नक्षी विणायच्या यंत्राच्या, पुठ्ठ्याच्या पट्ट्या आणल्या होत्या, भोकं पाडलेल्या, दोरीनं एकमेकीला ओवलेल्या. मी टॉवेलच्या धंद्यात असून, रोज चादरीची बिलं फाडत असून, पट्टी हातात पहिल्यांदा धरली. भोक असलं की तिथला ताण्याचा धागा वर उचलला जातो, नसलं की खाली राहतो, आडवा धागा एकदा गेला की पट्टी पुढं सरकती, म्हणजे एका आडव्या धाग्याला एक पट्टी. चादरीवर जो मोर असतोय तो आधी असा भोकाभोकांत लिहिलेला. काकांनी एक पट्टी ट्यूबलाइटसमोर धरली, भोकांतून उजेड त्यांच्या शर्टावर पडला आणि म्हणाले हा काठ हाय, मधलं नाही. कसं ओळखलं विचारलं तर म्हणाले वाचलं की. कॉलेजची पोरं कम्प्युटरवाली, ती लगेच म्हणायला लागली हे तर प्रोग्रामिंग आहे, आणि बरोबरच आहे ते. सोलापुरी चादरीला आणि टेरी टॉवेलला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालाय हे आपण पाहुण्यांना छाती फुगवून सांगतो, पण ती पट्टी वाचता येणारी माणसं किती राहिलीत ते आता विचारावंसं वाटतंय.

आता तक्रारी.

पहिली आणि मोठी. पत्रकावर लिहिलंय सर्वसामान्यांसाठी, आणि वेळ ठेवली शनिवारी पाचची. पूर्व भागातली यंत्रमागावरची माणसं पाच वाजता कुठनं येणार, विडी वळणाऱ्या बायका तर नाहीच नाही. सोलापुरात कितीतरी घरांत तेलुगू बोलतेत, पद्मशाली लोकांनी तेलंगणातून येऊन हे माग इथं उभे केले, मार्कंडेय रथोत्सव केवढा मोठा असतोय, आणि आठ शनिवारांत तेलुगूतून आलेलं एक पान नाही. उर्दूचं पण नाही, फक्त कुर्बान हुसेनांचा उल्लेख. मी हे फीडबॅक फॉर्मवर लिहिलं तर उत्तर आलं की चांगला वक्ता मिळत नाही. अहो वक्ता कशाला पाहिजे, तुमचीच पद्धत हाय ना पान वाचायची, अशोक चौकात कुणाच्या तरी घराच्या माडीवर रविवारी सकाळी एक बैठक लावा, गिरणीवाल्या काकांसारखे दहा निघतील.

दुसरी. एक शनिवार पूर्ण वाया गेला. पाहुणे एका कॉलेजातनं आले होते, त्यांना पद्धत सांगितली नव्हती का त्यांनी ऐकली नाही देव जाणे, दिवे बंद करून सत्तर ऐंशी स्लाइड वाचून दाखवल्या, तेच शब्द स्क्रीनवर, तेच शब्द तोंडात. बाहेर मे महिन्यासारखं ऊन, आत पंखे, दोन मास्तर सरळ झोपले. डॉ. कोटणीसांचा विषय होता हो! सोलापुरात जन्मलेला माणूस, १९३८ साली वैद्यकीय पथकातनं चीनला गेला, तिथंच लग्न केलं, तिथंच १९४२ ला बत्तिसाव्या वर्षी गेला, इतका भारी विषय आणि स्लाइडमध्ये मारून टाकला. मॅडमनी नंतर माफी मागितली ते ठीक, पण त्या शनिवाराचे शंभर रुपये माझ्या हिशोबात वजाच आहेत.

तिसरी, सेटलमेंटचा विषय वीस मिनिटांत गुंडाळला. १८७१ च्या कायद्यानं आख्ख्या जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या, सोलापुरात त्यांना तारेच्या कुंपणात ठेवलं, ३१ ऑगस्ट १९५२ ला ते मुक्त झाले, सेटलमेंट फ्री कॉलनी हे नाव रिक्षावर रोज वाचतो आपण. ह्याला एक पूर्ण शनिवार पाहिजे आणि बोलायला तिथलीच माणसं पाहिजेत.

बाकी बारीकसारीक: जिना अंधारा आणि उभा, आज्जींना दोघांनी धरून वर न्यावं लागतंय. नळाला पाणी यायच्या दिवशी शनिवार आला की निम्म्या बायका सहालाच उठतेत, तो दिवस बघून वेळ मागंपुढं करायला काय हरकत हाय, सोलापुरात राहताय तुम्ही. व्हॉट्सअॅप ग्रुपवर पीडीएफ शोधायचं तर आधी चाळीस सुप्रभात ओलांडा. चहा चांगला, कधीकधी शेंगाचटणी आणि कडक भाकरी पण असती, त्याबद्दल एक शब्द नाही माझा. प्रमाणपत्र देतेत शेवटी, लॅमिनेट केलेलं, त्याचं काय करायचं मला समजलं नाही, सासूबाईंनी शोकेसमध्ये लावलंय.

सहलीचं राहिलंच. हत्तरसंग कुडलला नेतेत, भीमा आणि सीनेच्या संगमावर, आपल्याच दक्षिण सोलापूर तालुक्यात, पलीकडं कर्नाटक. बहुमुखी शिवलिंग सगळे बघतेत, फोटो काढतेत, मी पण पूर्वी शाळेच्या सहलीत काढलाय. पण मंदिराच्या तुळईवर शके ९४० चा, म्हणजे इसवी सन १०१८ चा मराठी शिलालेख आहे, तो शाळेत कुणी दाखवला नव्हता. आपल्या सोलापूरचे आनंद कुंभार, ज्यांनी आयुष्य शिलालेखांत घालवलं, त्यांचं हे काम. मान वर करून बघितलं तर पहिल्यांदा काहीच दिसत नाही, नुसता दगड, चुन्याचे डाग. मग मॅडमनी मोबाइलची बॅटरी समोरून न मारता एका कडेनं, अगदी दगडाला घासून मारली आणि अक्षरं एकदम उठून आली, प्रत्येक अक्षराला सावली. बॅटरी सरळ केली की गायब, तिरकी केली की हजर. रिक्षावाले दादांनी तेवढ्यात पाचसहा वेळा ते करून बघितलं, लहान पोरासारखं. ओला कागद लावून ठसा कसा घेतेत ते पण सांगितलं, पण घेऊ दिला नाही, परवानगी लागती आणि चुकून दगडाचं नुकसान होतंय, ते बरोबरच. परत येताना बसमध्ये दादा म्हणाले की माझ्या गावात मारुतीच्या देवळामागं असलाच एक दगड हाय, आम्ही त्याच्यावर धार लावतो विळ्याला. सगळे हसले पण पुढच्या शनिवारी दादा फोटो घेऊन आले, तिरक्या बॅटरीतले. अक्षरं आहेत त्याच्यावर, हळेकन्नड, म्हणजे जुनी कन्नड, असावीत असं आज्जींना वाटतंय, मॅडमनी फोटो पुढं जाणकारांकडं पाठवलेत. विळ्याला धार आता दुसरीकडं लावा म्हणून दादांनी गावात सांगितलंय म्हणे, चुलते अजून ऐकत नाहीत.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: फोन लावू नका, उचलत नाहीत. इमारतीच्या खालीच झेरॉक्सचं दुकान आहे, नावनोंदणी तिथंच होती, संध्याकाळी सहानंतर जावा, पावती मागून घ्या आणि पहिल्या शनिवारचा गठ्ठा हातात आल्याशिवाय हलू नका, गुरुवारी देतो म्हणाले की शुक्रवार उजाडतोय.